तिसऱ्या हाकेचा ठोका

९ फेब्रुवारी १९६६, बुधवार

आजपासून लिहून ठेवणार. डायरीची मला हौस नाही. ही वही पुतण्याने नव्या वर्षाला दिली होती आणि ती इतके दिवस तांदळाच्या डब्याखाली होती. पण आज जे झालं ते बघता लेखी पुरावा असलेला बरा. उद्या कोणी विचारलं की बांग म्हातारा एवढा का चिडला, तर वही पुढे टाकता येईल.

सकाळी होंगमेबाईंकडे रियाजाला गेलो तर उंबऱ्याशी चकचकीत बूट. आत नव्या टेलिव्हिजन केंद्राचे प्योसाहेब बसलेले. तिशीचे असतील. केस तेलाने चापून बसवलेले आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द आधी पुसून घेतलाय. दर गुरुवारी संध्याकाळी सात वीसला म्हणे ‘कला आणि संस्कृती’ असा कार्यक्रम असतो. एका गुरुवारी चित्रकार झाला, एका गुरुवारी कोणी कविता वाचून गेला, आता नंबर आमचा. टेलिव्हिजनवर, थेट, साऱ्या सोल शहरासमोर.

“किती वेळ?” मी विचारलं.

“बारा मिनिटं, गुरुजी.”

“आमची कथा साडेचार तासांची आहे.”

“म्हणूनच म्हटलं, त्यातली चांगली बारा मिनिटं निवडू.”

“साडेचार तासांतली बारा मिनिटं चांगली, तर उरलेल्या वेळात आम्ही काय कोबी निवडत असतो?”

साहेब हसले. मला हसणारी माणसं चालतात, पण ती मी विनोद केला असेल तर. मी विनोद केला नव्हता.

बावीस वर्षं मी होंगमेबाईंच्या शेजारी ढोल घेऊन बसतोय. त्या चोपन्नच्या, मी सत्तावन्नचा. नावाड्याच्या बायकोची कथा त्यांच्या गुरूंनी एकट्या त्यांनाच दिली, दुसरं कोणी ती गात नाही. चटईवर एक गाणारी, तिच्या हातात पंखा, आणि समोर एक ढोलवाला. एवढ्यावर साडेचार तास माणसं रडतात, हसतात, जेवायचं विसरतात. आणि हा पोरगा घड्याळ बघतो!

तो गेल्यावर बाईंना म्हटलं, कळवून टाका नाही म्हणून. त्या म्हणाल्या, “बघू.” बघायचं काय आहे त्यात?

११ फेब्रुवारी

बाईंनी होकार दिला. मला न विचारता.

आणि भाग कोणता निवडला? पुराचा! कथेचं काळीज. नदी फुगलेली, नवरा पैलतीरावर अडकलेला, ही अलीकडून त्याला हाक मारते. तीन हाका. पहिली साधी, दुसरी वर चढणारी, आणि तिसरी अशी की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यावा. ती तिसरी हाक सुरू होते त्या क्षणाला मी ढोलाच्या लाकडी कडेवर काठी कडाडून मारतो आणि पोटातून दादेचा हुंकारा देतो, “ऑल्सू!” ठोका आणि हुंकारा एकाच झटक्यात. गेली दोन-एक वर्षं मी तिथे मुद्दाम जास्त जोर लावतो. का ते सांगता येणार नाही, हातालाच तसं वाटतं. पण परिणाम बघा: पूर्वी लोक तिथे नुसते गप्प व्हायचे, आता टाळ्या पडतात.

बाई म्हणाल्या, “बांगदादा, त्या तिसऱ्या हाकेबद्दल जरा बोलायचं होतं.”

मी म्हटलं, “बोलायचं काय, बाई? ती हाक त्या खोक्यातून बाहेर काढायची म्हणजे अख्खा बैल उंदराच्या बिळातून ओढायचा.” मग एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. गावोगावची अंगणं, बाजारचे दिवस, युद्धातल्या छावण्यासुद्धा निघाल्या. अर्धा तास तरी मी बोललो असेन. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “चहा गार झाला.”

२२ फेब्रुवारी

रियाज. बाईंनी आज सूर एक पायरी खाली घेतला. विचारलं तर म्हणाल्या, “थंडी आहे.” थंडी दर वर्षी असते. मला काही कळत नाही असं समजू नये कोणी. त्या प्योने काहीतरी डोक्यात भरवलंय, म्हणे खालचा सूर यंत्राला मानवतो.

तिसऱ्या हाकेला माझा हुंकारा मात्र असा फक्कड पडला की भिंतीपलीकडच्या शिंप्याने टाळी वाजवली. बाई मध्येच थांबल्या. “तिथे थोडं हळू मारलंत तर?”

“हळू? बाई, ही काठी आहे, भरतकामाची सुई नाही.”

त्यांनी पंखा उचलला आणि पुढची ओळ घेतली.

घरी जेवताना बायको विचारते, “बाईंचा आवाज कसा आहे हो?”

“आवाजाला काय झालंय?”

“मी आपलं विचारलं. परवा बाजारात भेटल्या. एवढ्या महागाच्या नाशपात्या, पाच घेतल्या. आणि मध.”

“माणसाने नाशपाती खाऊ नये?”

“खावी की,” ती म्हणाली, आणि माझ्या वाटीत मोड आलेल्या सोयाबीनचं सार वाढून उठून गेली. बायकांना बाजारातून बातमी आणल्याशिवाय भाजी शिजत नाही.

२ मार्च

स्टुडिओत पहिली तालीम. तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

एक: माझ्या तोंडाला पावडर. एका बाईने मला धरून बसवलं आणि “काका, नाक चमकतंय” म्हणत पिठात लाडू घोळवावा तसं घोळवलं.

दुसरं, कागदाचा पाइन वृक्ष. पुराच्या प्रसंगाला पाइन कुठून आला ते विचारलं तर म्हणाले, मागच्या आठवड्यात चित्रकाराला केला होता, चांगला आहे, टाकवत नाही.

आणि खरा अपमान पुढेच. मला त्या पाइनच्या मागे बसवलं. पाठीमागे! चौकटीत फक्त बाई. प्योसाहेब म्हणाले, “गुरुजी, पडदा लहान असतो. दोन माणसं आली की दोघंही बोटाएवढी दिसतात.”

“मग तुम्ही त्यांना भिंतीला तोंड करून गायला सांगताय का? गाणारी ढोलवाल्याकडे बघून गाते. मी झाडामागे असलो तर ती कोणाकडे बघणार?”

“कॅमेऱ्याकडे.”

“कॅमेरा मान डोलावतो का?”

बाई मध्ये पडल्या म्हणून बरं. गायलो आम्ही तसेच. पहिल्या हुंकाऱ्यालाच काचेपलीकडून एक जाडा माणूस हात हलवत बाहेर आला. योम त्याचं नाव, आवाजाचं यंत्र सांभाळतो, कानांवर मोठाले गोल चढवलेले. म्हणाला, “काका, तुम्ही ओरडलात की माझी सुई लाल पट्ट्यात जाते.”

“तुमची सुई घाबरट आहे.”

“असेल. पण ती लाल झाली की बाकी काही ऐकू येत नाही. त्या तिसऱ्या वेळी तुमच्या ओरडण्याखाली काहीतरी आहे, मला लागतंय ते कानाला. पण पकडता येत नाही.”

माझ्या ओरडण्याखाली! छत्तीस वर्षं ढोल वाजवणाऱ्याच्या हुंकाऱ्याला हा तारा जोडणारा ओरडणं म्हणतो. मी म्हटलं, “खाली काय असणार? माझा बाप असेल.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या योमकडे बघत होत्या.

९ मार्च

आज तर कहरच झाला.

हुंकारा हवा पण यंत्राला सोसवत नाही, म्हणून प्योसाहेबांनी तोडगा काढला. कचेरीतले चार कारकून आणून खुर्च्यांवर बसवले. समोर एक माणूस लाल निशाण घेऊन उभा. निशाण वर गेलं की चौघांनी मिळून, मापात, “ऑल्सू” म्हणायचं. आणि मी गप्प!

हुंकारा म्हणजे काय, हे या माणसाला कोणी सांगितलं नाही का? गाणारीचा श्वास कुठे संपतो ते ढोलवाल्याच्या छातीला कळतं, आणि तिथे तो आपला श्वास तिच्या हाती देतो. तो निशाणाने निघत नाही! रेल्वेगाडी आहे का ती?

तर झालं असं. नावाड्याची बायको नदीकाठी गुडघे टेकते, एक अक्षर बोलत नाही, सारी सभा श्वास धरून असते, अशा जागी निशाणवाल्याला शिंक आली. हात वर गेला. चौघे कारकून एका सुरात, “ऑल्सू!” सरकारी हजेरी दिल्यासारखे.

बाई हसत सुटल्या. हसता हसता चटईवर बसल्या, पंख्याने तोंड झाकलं. मला हसू आलं नाही. मी काठी आपटली आणि म्हटलं, “साहेब, पुढच्या गुरुवारी या चौघांनाच गायला लावा, आम्ही निशाण धरतो.”

मग चहाची सुट्टी झाली. योम बाईंना काचेपलीकडे घेऊन गेला. त्याने तालमीचा आवाज फितीवर घेतला होता म्हणे, तो एकट्या बाईंनाच कानांत घालून ऐकवला. मी काचेतून बघत होतो. पाचेक मिनिटं बसल्या असतील, गोल दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलेले. योमने फीत मागे नेली, पुन्हा लावली. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. विचारलं, “त्या जाड्याने काय ऐकवलं?”

“आपल्या दोघांचं गाणं,” त्या म्हणाल्या. “बांगदादा, मला तुमच्याशी—”

“काही सांगू नका. त्याने तुमची खोडी काढली, माझ्या लक्षात आलंय. यांची लायकी काढतो की नाही बघा!”

आणि मी तसाच प्योसाहेबांकडे गेलो आणि जे बोलायचं ते बोललो. कारकून तरी रद्द झाले.

११ मार्च

पोस्टाने केंद्राचं पत्र. छापील कागदावर. ‘प्रसारणाच्या वेळी कोणीही हुंकारा देणार नाही. ढोलवादकानेही नाही.’ आणि खाली, ‘ढोलवादक गायिकेच्या शेजारी, चौकटीत बसतील. पाइन वृक्ष काढण्यात येईल.’

झाड काढलं म्हणून मी काय आनंदाने नाचू? मला चौकटीत बसवणार आणि माझं तोंड बांधणार. म्हणजे साऱ्या शहराला दिसणार की बांग बसलाय आणि मुका आहे. यापेक्षा झाडामागे बरा होतो.

उद्या जाऊन याचा सोक्षमोक्ष लावतो.

१२ मार्च

गेलो. ट्राममधून उतरल्यापासून मनात वाक्यं जुळवत होतो, चांगली सात-आठ जमली होती. पहिलंच टाकलं, “साहेब, तुम्हाला गाणं हवंय की भिंतीवरचं कॅलेंडर?”

प्योसाहेब आज हसले नाहीत. खुर्ची दिली. म्हणाले, “गुरुजी, हे माझं नाही. मला तर हुंकारा हवा होता, म्हणून तर कारकून आणले. ही अट होंगमेबाईंची आहे.”

“कसली अट?”

“दोन अटी. एक, तुम्ही त्यांच्या शेजारी बसाल, झाडामागे नाही, नाहीतर त्या येणार नाहीत. त्यासाठी त्या माझ्याशी तासभर भांडल्या. वरच्या साहेबांपर्यंत गेल्या. आणि दुसरी, कोणीही हुंकारा द्यायचा नाही. तुम्हीसुद्धा. म्हणाल्या, मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तुम्ही कागदावर कळवा.”

माझी बाकीची वाक्यं मी परत घेऊन आलो.

बावीस वर्षं. बावीस वर्षं या माणसाने तुमच्या श्वासामागे श्वास लावला, बाई, आणि त्याचं तोंड बंद करायला तुम्ही सरकारी कागद पाठवता? परक्याकडून?

१४ मार्च

काल रियाजाला गेलो नाही. आजही नाही. ढोल कापडात बांधून ठेवलाय.

बायको म्हणाली, “गुरुवारी जाणार ना?”

“मुक्या ढोलवाल्याची त्यांना गरज असेल तर बाजारात मिळेल.”

“तुम्हाला वाईट कशाचं वाटतंय? गप्प बसायला सांगितलं म्हणून, की तुम्ही गप्प बसल्यावर काय ऐकू येईल म्हणून?”

मी म्हटलं, “हे काय भलतंच बोलणं?”

“मागच्या शरदात मंदिराच्या अंगणात मी पुढेच बसले होते. तिसऱ्या हाकेला बाईंचं तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताणलेली होती, आणि मला ऐकू आलात तुम्ही.”

“लांबून तसं वाटतं.”

“मी चटईच्या कडेला बसले होते,” ती म्हणाली.

हिला गाण्यातलं काय कळतं? मी तसं तिला सांगितलंही. ती शेगडीतला जळून पांढरा झालेला कोळसा चिमट्यात धरून बाहेर टाकायला गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

१५ मार्च

बाई स्वतः आल्या. बावीस वर्षांत तिसऱ्यांदा आमच्या घरी. बायकोने उबदार जागी बसवलं, सातूचा चहा दिला. बाईंचा आवाज बसका होता. बोलल्या, “बांगदादा, एकदा मला पुरतं बोलू द्याल?”

“आता काय बोलायचं राहिलंय, बाई? छापून आलं की सगळं! अजून काही असेल तर तेही छापा! माझा हुंकारा तुम्हाला खुपत होता तर पहिल्याच वर्षी सांगायचं होतं, मी दुसरीकडे गेलो असतो, मला काय कोणी बोलवत नव्हतं?” आणि असंच बरंच. माझं मलाच ऐकू येत होतं की आवाज फार चढलाय, पण सुटलेला दगड मध्येच कसा थांबवणार?

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा बाई उठल्या, चपला घातल्या. “गुरुवारी या,” म्हणाल्या. “तुम्ही नसलात तर मी चटईवर उभी राहणार नाही. आणि त्या बारा मिनिटांत काही बोलू नका. एवढंच.”

त्या गेल्यावर बायकोने मला न विचारता माझा पांढरा अंगरखा धुवायला काढला.

१८ मार्च, शुक्रवार, सकाळी

काल गेलो. जाणार नव्हतो, पण गेलो. मी आलो नाही म्हणून गाणं मोडलं असं उद्या कोणी म्हणायला नको. माझ्यावर डाग नको. एवढ्यासाठीच गेलो, ही नोंद असू दे.

दिवे इतके की अंगातला अंगरखा भाजून निघत होता. बाई पांढऱ्या वस्त्रात, हातात पंखा. माझ्याकडे बघून मान हलवली. मी नाही हलवली. सात वाजून वीस मिनिटांनी लाल दिवा लागला.

मी दात आवळून वाजवत होतो. ठरवलं होतं, ठोका बिनचूक, तोंड बंद, बारा मिनिटं संपली की ढोल उचलायचा आणि चालू लागायचं. मुका तर मुका. जिथे जिथे हुंकारा यायचा तिथे तिथे मी तो गिळायचो. बाई गात होत्या. सूर तोच, एक पायरी खालचा. हुंकाऱ्याशिवाय सगळं उघडं वाटत होतं, दारं-खिडक्या काढून नेलेल्या घरासारखं.

पहिली हाक झाली. दुसरी चढली, वरच्या टोकाला थोडी फाटली. मला ती फाट ऐकू आली. कधी ऐकली नव्हती.

मग तिसरी.

इथे मला जे झालं ते कोणा दुसऱ्या ढोलवाल्यालाच कळेल. ठोका आणि हुंकारा माझ्याकडे एकाच झटक्यात निघतात, दोन वेगळे नाहीतच ते. मी तोंड आवळून हुंकारा अडवला, आणि त्याबरोबर हातही अडला. काठी वरच राहिली. पडलीच नाही. छत्तीस वर्षांत माझा ठोका कधी गेला नव्हता. काल साऱ्या शहरासमोर, कथेच्या सगळ्यांत मोठ्या जागी, तो गेला.

तिथे एक खड्डा पडला. बाईंचं तोंड उघडं, शीर ताणलेली, आणि आवाज नाही. मला वाटलं, संपलं. मी माझ्या हाताला शिव्या देत होतो.

आणि मग आली हाक. जागेवर नाही, जागा गेल्यावर, दीडेक मात्रा उशिरा. वर चढलीच नाही ती. खालून आली, खरखरीत, तुटलेली, ज्या बाईने दिवसभर नदीकाठी ओरडून गळा घालवलाय आणि आता तिला ठाऊक आहे की पलीकडे कोणी ऐकत नाही, अशा बाईची. मोठी नव्हती. पण मी बावीस वर्षं ती कथा वाजवतोय आणि नवरा परत येणार नाही हे मला काल पहिल्यांदा कळलं.

काचेपलीकडे योमने दोन्ही हात कानांवरच्या गोलांवर दाबून धरले होते. प्योसाहेबांनी तोंडावर वही धरली होती.

मी पुढचा ठोका कसा दिला ते आठवत नाही. बाईंनी पुराचं पाणी ओसरवलं, पंखा मिटला, लाल दिवा गेला. पलीकडच्या कोपऱ्यात दुसरा लागला आणि एक मुलगी दात दाखवून दंतमंजनाची जाहिरात करू लागली. लागलीच! श्वासाचीसुद्धा उसंत नाही! त्या केंद्राला आग लागो.

मी ढोल उचलला नाही. तिथेच बसून राहिलो.

२० मार्च

बाईंकडे गेलो. आज तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेलो आणि दारातच उघडलं. “मला सांगितलं का नाहीत?”

“तीनदा सुरुवात केली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ओरडत होतात.”

मी बसलो. त्यांनी घशासाठी नाशपाती-मधाचं गरम पाणी स्वतः घेतलं, मला चहा दिला.

“वरचा सूर दोन वर्षांपूर्वी गेला,” बाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशीच तुमच्या हाताला कळलं. तुमच्या डोक्याला नाही, हाताला. मला सावरून घेतलंत. मी तुमचे पाय धरायला हवे होते. पण मग हळूहळू त्या जागी वेगळीच हाक यायला लागली, खालची. मला वाटायचं, मला भास होतोय. दर वेळी ती येते असं वाटायचं आणि दर वेळी वर तुमचा ठोका. त्या दिवशी योमने फीत ऐकवली तेव्हा कळलं की ती खरीच आहे. तुमच्याखाली होती.”

दोन वर्षं. दोन वर्षं ती हाक येत होती आणि मी तिच्या तोंडावर काठी मारत होतो. आणि टाळ्या पडल्या की छाती फुगवत होतो!

“पण ठोका?” मी म्हटलं. “मी तुम्हाला ठोका द्यायला हवा होता. फक्त हुंकारा नको म्हणाल्या होतात तुम्ही.”

“हो. ठोका जाईल हे मला माहीत नव्हतं.” मग हातातलं पाणी खाली ठेवून, “बरं झालं गेला. तो आला असता तर मी हाक जुन्या जागेवरच ओढून काढली असती.”

“तुमच्यासाठी बरं झालं. मला सगळा गाव हसतोय.”

“मी सांगेन सगळ्यांना,” बाई म्हणाल्या. “सांगेन की माझा वरचा सूर गेलाय आणि बांगदादांनी दोन वर्षं झाकला.”

मी म्हटलं, असलं काही करू नका. फार मोठ्याने म्हटलं. त्या दचकल्या.

२२ मार्च

आज जोंगनोच्या चहाघरात गेलो. जायलाच हवं होतं. चार दिवस गेलो नाही तर तोंड लपवलं म्हणाले असते.

आमचे सगळे गाणारे-वाजवणारे तिथेच बसतात. दार उघडलं आणि बोलणी थांबली. मग थाक बोलला. हाही ढोलवाला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आणि सात वर्षं माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. “या बांगदादा! आम्ही सगळे तांदूळवाल्याकडे टेलिव्हिजनसमोर बसलो होतो. तुमचं काठी उचलणं काय सुरेख दिसलं! मग आम्ही वाट बघत बसलो, बसलो, बसलो... काठी काय वरच झोपली?”

हसले सगळे. एक जण म्हणाला, “वय झालं की होतं असं.” दुसरा म्हणाला, “बाईंनी तरी केवढं सांभाळून घेतलं बिचारीने.” आणि कोपऱ्यातून कोणीतरी, “पण बाईंची तिसरी हाक फार खाली आली, नाही? आवाज गेला की काय?” त्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले.

माझ्या कानांत रक्त उसळलं. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. थाकने समोरचा कप हळूच बाजूला सरकवला, मी तो फेकेन म्हणून. आणि सांगायला माझ्याकडे केवढं होतं! दोन वर्षांचा हिशेब होता. एक वाक्य बोललो असतो तर थाकचं तोंड कायमचं बंद झालं असतं. बांगचा ठोका चुकत नाही, बांग झाकत होता. एवढंच वाक्य. जिभेवर होतं ते.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, “माझा ठोका चुकला. म्हातारा झालो, हात अडकला. ठोका मिळाला नाही म्हणून बाईंना ती हाक खाली घ्यावी लागली, आणि खाली घेऊन त्यांनी जे केलं ते तुमच्यातल्या एकाला तरी जमेल का? ऐकलंत ना सगळ्यांनी? मग कान कुठे होते तुमचे? चूक माझी. होंगमेबाईंच्या आवाजाबद्दल जो बोलेल त्याने आधी माझ्यासारखं सगळ्या शहरासमोर चुकून दाखवावं!”

कोणी हसलं नाही. थाकने मला चहा मागवला. अगदी आदराने, म्हाताऱ्या माणसाला मागवतात तसा. तो आदर मला मिरचीसारखा झोंबला, पण मी तो चहा शेवटपर्यंत प्यालो.

घरी आलो तर बायकोला कोणाकडून तरी आधीच कळलं होतं. “तुम्ही चुकलो म्हणालात?” तिने विचारलं. “तुम्ही?”

“चुकलोच होतो,” मी म्हटलं.

ती हातातलं काम ठेवून माझ्या शेजारी जमिनीवर बसली. ती लवकर उठेना, आणि मीही तिला ऊठ म्हटलं नाही.